सुट्टीतला डावा हात

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात शाळांना सुट्टी लागली की माझ्या दारातल्या चपला वाढतात. पेटी शिकणारी मुलं असतात, कीबोर्ड शिकणारी असतात आणि अलीकडे पियानोच शिकायचा असं घरून ठरवून आलेलीही दोन-चार असतात. मुलांच्या मागोमाग पालक येतात आणि उंबऱ्यातच विचारतात, "बाई, मे संपेपर्यंत किती होईल? सुट्टीत दोन ग्रेड एकदम नाही का व्हायच्या?"

पूर्वी मी उत्साहानं म्हणायची, "होतील की! रोज चार तास बसला तर का नाही होणार?" आता तसं म्हणत नाही. का म्हणत नाही, ते आज सांगते. त्यात माझी चूक आहे आणि ती सांगितल्याशिवाय पुढचं काही नीट सांगता यायचं नाही.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक कुटुंब राहतं. आई मराठी, वडील कन्नड, आणि घरात धारवाडकडची अज्जी. असं घर या पानाच्या वाचकांना नवीन नाही. त्यांच्या मुलानं सातव्या वर्षी आजोबांच्या पेटीवर बोटं ठेवली. आपलं बेळगाव तसं पेटीचं गाव. पं. रामभाऊ विजापुरे (१९१७-२०१०) यांनी इथं बसून पेटीवादकांच्या पिढ्या तयार केल्या. त्यामुळे घरात पेटी असणं आणि नातवानं ती ओढणं यात कुणाला नवल वाटत नाही. पुढं पोरानं हट्ट धरला म्हणून एकसष्ट पट्ट्यांचा कीबोर्ड आला आणि तो माझ्याकडे यायला लागला. तेव्हा तो बारा वर्षांचा होता.

त्याचा उजवा हात पाहून मी खूश झाले. बोटं कशी झरझर चालायची! डावा हात मात्र ओंडक्यासारखा पडलेला. त्यात त्याचा दोष नव्हता. पेटीवर डावा हात भाता ओढतो आणि गाणं सगळं उजव्या हाताकडे असतं. पाच वर्षं ज्या हातानं फक्त वारा घातला, त्याला एकदम सांगितलं की तूही गा, तर तो बिचकणारच. पेटीवरून कीबोर्डवर येणाऱ्या बहुतेक मुलांची हीच अडचण असते. दुसरी अडचण अशी की पेटीची पट्टी हळू दाबा की जोरात, आवाजाचा लहानमोठेपणा भाताच ठरवतो. पियानोत ते काम बोटाच्या वजनावर असतं. इटलीत फ्लॉरेन्सला क्रिस्तोफोरी नावाच्या कारागिरानं १७०० च्या सुमारास हे वाद्य केलं, ते हळू आणि जोरात दोन्ही वाजतं म्हणून तर त्याचं नाव 'पियानोफोर्टे' पडलं.

हे सगळं मला माहीत होतं. तरी मी काय केलं? त्या सुट्टीत मी ठरवलं की पोरगं हुशार आहे, मधली एक ग्रेड सोडून याला थेट पुढच्या परीक्षेला बसवू. परीक्षेच्या तीन रचना, त्यांच्या जोडीला स्केल, आणि रोजचे चार तास. उजवा हात पळत होता, डावा त्याच्यामागं फरफटत होता. एका रचनेत सप्तकाच्या दोन्ही टोकांना एकाच वेळी बोट पोचायला हवं होतं. पियानोवर एका सप्तकाची रुंदी साधारण साडेसोळा सेंटिमीटर असते. बारा वर्षांच्या पोराचा पंजा तो केवढा! तो ताणून ताणून पोचायचा.

तिसऱ्या आठवड्यात तो म्हणाला, "बाई, मनगट दुखतंय."

मी म्हणाले, "होतं तसं सुरुवातीला. सवय झाली की राहील."

हे माझं वाक्य मी अजून विसरलेले नाही. मे महिन्याच्या मध्यावर त्याला पेन धरता येईना. डॉक्टरांनी हाताला पूर्ण विश्रांती सांगितली. अज्जी एकट्याच माझ्याकडे आल्या. भांडल्या नाहीत. पाणी प्यायल्या आणि त्यांच्या धारवाडी वळणाच्या मराठीत एवढंच म्हणाल्या, "बाई, पोराला पेटी आवडत होती. आता तो कपाटाकडे बघतसुद्धा नाही." कीबोर्ड खोळ घालून कपाटावर ठेवला होता. हात महिनाभरात बरा झाला, पण पोरगं आलं नाही. पावसाळा गेला, दिवाळी गेली. संध्याकाळी भाजी आणायला त्यांच्या घरावरून जाताना मला ते घर फार गप्प वाटायचं.

त्या दिवसांत मी जर्मन संगीतकार रॉबर्ट शुमान याच्याविषयी पुन्हा वाचत होते. याला मोठा पियानोवादक व्हायचं होतं. पण ऐन तरुणपणी उजवा हात अधू झाला आणि ते स्वप्न सोडावं लागलं. पुढं तो रचनाकार म्हणून मोठा झाला. १८४८ साली थोरल्या मुलीच्या सातव्या वाढदिवसासाठी त्यानं पियानोच्या काही छोट्या रचना लिहायला घेतल्या आणि बघता बघता त्रेचाळीस रचनांचा संग्रह झाला. 'आल्बम फॉर द यंग' या नावानं तो आजही जगभर मुलांना शिकवतात. हात गमावलेल्या माणसानं मुलांसाठी लिहिताना त्यांच्या हातांचा किती विचार केलाय, हे मला तेव्हा दिसलं. इतकी वर्षं मी त्यातल्या रचना शिकवत होते, पण बघत नव्हते.

त्यात दहावी रचना आहे, कामावरून घरी परतणाऱ्या आनंदी शेतकऱ्याची. तिचं वैशिष्ट्य असं की चाल डाव्या हातात आहे. उजवा हात वरून फक्त हलकेच साथ देतो. म्हणजे पेटीच्या अगदी उलट! मला वाटलं, ही तर आपल्याच पोरासाठी लिहिलेली आहे.

पुढच्या एप्रिलमध्ये अज्जी त्याला घेऊन आल्या. हाताला धरूनच आणलं म्हणा ना. दारातच म्हणाल्या, "शिकवा. पण निधान."

आपल्या घरांत हा शब्द दोन्ही बाजूंनी ऐकू येतो. कन्नडात निधान म्हणजे सावकाश, धीरानं. 'निधानवे प्रधान' ही पाटी रस्त्याच्या वळणावर आपण सगळ्यांनी वाचलेली आहे. मराठीत निधान म्हणजे ठेवा, पुरलेलं धन. अज्जींनी कन्नडातला शब्द वापरला, मला मराठीतलाही ऐकू आला. गेल्या वर्षी मी घाईत जे उधळलं, ते हेच.

मी पोराला म्हणाले, "चूक माझी होती. दुखतंय म्हणालास तेव्हाच मी थांबवायला हवं होतं." तो काही बोलला नाही. पण बसला.

त्या सुट्टीत आम्ही काय केलं ते सांगते, कुणाच्या उपयोगी पडलं तर बरं.

पहिले दोन आठवडे फक्त डावा हात. सकाळी ऊन तापायच्या आत वीस मिनिटं आणि संध्याकाळी वीस मिनिटं. घड्याळ अज्जींकडे. वीस मिनिटं झाली की त्या आतून "साकु बिडु" म्हणायच्या. आणखी दोन मिनिटं मागितली तरी मिळायची नाहीत. त्यामुळे झालं असं की दुसऱ्या दिवशी पोरगं आपणहून वेळेआधी बसायला लागलं.

मग एक खेळ काढला. फक्त पांढऱ्या पट्ट्या वाजवायच्या, पण सुरुवात दर वेळी वेगळ्या पट्टीवरून करायची. पांढरी एकला सा धरला तर बिलावल थाट मिळतो. पांढरी दोनला काफी, तीनला भैरवी, चारला कल्याण, पाचला खमाज आणि सहाला आसावरी. पांढरी सातवरून शुद्ध पंचमच मिळत नाही, म्हणून तिथं थाट नाही. पं. भातखंडे यांच्या दहा थाटांपैकी सहा एकाही काळ्या पट्टीला हात न लावता सापडतात, हे कळल्यावर त्याचे डोळे चमकले. घरी जाऊन त्यानं अज्जींची परीक्षा घेतली. डोळे मिटून ओळखा म्हणाला. अज्जींनी भैरवी पहिल्या फटक्यात ओळखली.

तिसऱ्या आठवड्यात शेतकरी आला. ती रचना पांढरी चारमध्ये आहे आणि तिच्यात काळी पाच लागते. त्यानं स्वतःच सांगितलं, "बाई, पांढरी चारचा कल्याण होता ना? त्यातला तीव्र मध्यम काढून काळी पाचचा शुद्ध घेतला की बिलावल झाला." खरं होतं. परीक्षेच्या पुस्तकातलं स्केल त्यानं पाठ केलं नव्हतं, आपल्या घरच्या वाटेनं जाऊन शोधलं होतं.

मेच्या मध्यावर एका संध्याकाळी वळीव आला आणि वीज गेली. कीबोर्ड मुका झाला. मी म्हणाले, "जा आता घरी." तो म्हणाला, "थांबा बाई." त्यानं मुक्या पट्ट्यांवर डावा हात चालवला आणि तोंडानं त्या हाताची चाल सरगमनं म्हटली. बाहेर पाऊस, आत मेणबत्ती, आणि त्याला न्यायला आलेल्या अज्जी मांडीवर ठेका धरून बसलेल्या. डाव्या हातातलं गाणं त्याला आता ऐकू येत होतं. वाद्याचा आवाज नसताना ऐकू येत होतं. वर्षभरापूर्वी चार चार तास बसवून मला हे साधलं नव्हतं.

परीक्षा झाली नाही. सुट्टी संपली तेव्हा त्याचा शेतकरी अजून सावकाशच चालत होता आणि मधल्या भागात, जिथं उजवा हातही चालीला येऊन मिळतो, तिथं दोनदा अडखळत होता. पण मनगट सैल होतं आणि दोन्ही हात एकमेकांचं ऐकत होते. दोन भाषांच्या घरातल्या मुलांना खरं तर हे कळायला सोपं जावं. आईशी मराठी, अज्जीशी कन्नड, आणि दोन्ही पूर्ण. त्यातली एक भाषा दुसरीचा भाता ओढत बसत नाही.

आता पालकांसाठी चार गोष्टी.

पहिली गोष्ट दुखण्याची. मुलानं हात दुखतो म्हटलं की त्याच क्षणी वाजवणं थांबवायचं. सवय होईल वगैरे म्हणायचं नाही. दुखणं दुसऱ्या दिवशीही राहिलं तर डॉक्टरांना दाखवायचं.

दुसरी बसण्याची. पेटी आपण मांडी घालून वाजवतो, म्हणून पुष्कळ घरांत कीबोर्डही चटईवर किंवा पलंगावर ठेवतात. त्यानं मनगटं मोडल्यासारखी वाकतात. कीबोर्ड टेबलावर किंवा स्टँडवर असावा, मुलाचा कोपर साधारण पट्ट्यांच्या उंचीला यावा आणि पाय लोंबकळत असतील तर खाली पाट द्यावा. एवढं केलं तरी निम्मी दुखणी टळतात.

तिसरी वाद्याची. सुरुवातीच्या एक-दोन वर्षांना एकसष्ट पट्ट्यांचा कीबोर्ड पुरतो, मात्र बोटाच्या जोराप्रमाणे आवाज बदलणारा घ्यावा. पुढं मूल खरंच पियानोकडे वळलं तर अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांचं, पट्टीला वजन असलेलं वाद्य बघावं. आणि एक लक्षात ठेवावं, या वाद्यांवरचा शुद्ध गांधार तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या गांधारापेक्षा किंचित चढा असतो. म्हणून मूल गातही असेल तर त्याला तंबोऱ्यावर गाऊ द्यावं. कान तिथं तयार होतो.

चौथी परीक्षेची. ग्रेडच्या परीक्षांना माझा विरोध नाही. वर्षभर शिस्त लागते, वाचून वाजवण्याची सवय होते. पण सुट्टी ही परीक्षेची उरलेली पानं भरायला नसावी. वर्षभर जे राहून जातं ते सुट्टीत करावं. जुनी सोपी रचना पुन्हा काढून ती सुंदर वाजवावी, एखादी चाल कानानं शोधावी, दुबळा हात हळूहळू बळकट करावा. आंबे, करवंदं, नदीवर जाणं हेही त्यातच आलं.

तो मुलगा आता दहावीत आहे. रोज वीस मिनिटंच बसतो, पण बसतो. परवा संध्याकाळी त्यांच्या घरावरून जाताना मी थांबले. आतून शेतकऱ्याची चाल येत होती, डाव्या हाताची, ठाम. मग आतून अज्जींचा आवाज आला, "साकु बिडु, मगा. ऊट माडु." वाजणं थांबलं, ताट वाढल्याचा आवाज आला, आणि मी भाजीची पिशवी घेऊन पुढं निघाले.