विश्लेषण : ई-चलानचा दंड लोकअदालतीत मिटवावा की न्यायालयात लढावे?

‘तुमच्या वाहनावर दंड थकीत आहे, राष्ट्रीय लोकअदालतीत हजर राहा,’ असा संदेश मोबाइलवर आला की अनेकांच्या पोटात गोळा येतो. काही जण घाबरून लगेच पैसे भरतात, तर काही जण ‘निम्म्यात मिटेल’ या आशेवर थांबतात. वाशिमसारख्या जिल्ह्यात एकाच दुचाकीवर शेत, दूध, शाळा आणि बाजार चालतो. तेथे दोन-तीन चलान साचले तरी आठवड्याची मजुरी जाते. त्यामुळे चलान कोठे शोधायचे, कोठे भरायचे आणि कोठे नाकारायचे, हे माहीत असणे गरजेचे आहे.

ई-चलान म्हणजे गुन्हा सिद्ध झाला का?

नाही. ई-चलान हा आरोप आहे, निकाल नव्हे. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० नुसार ठरावीक गुन्ह्यांत शासनाने निश्चित केलेली रक्कम भरून प्रकरण मिटवता येते. यालाच तडजोड शुल्क म्हणतात. राज्यात डिसेंबर २०२१ पासून वाढीव दर लागू झाले. हेल्मेट नसल्यास ५०० रुपये, दुचाकी चालवताना मोबाइल वापरल्यास १ हजार, तर परवाना नसल्यास ५ हजार रुपये असे हे दर आहेत. रक्कम भरली की प्रकरण संपते. आरोप मान्य नसेल, तर न्यायालयात बाजू मांडण्याचा हक्क वाहनमालकाला आहे. मद्यपान करून वाहन चालवणे (कलम १८५) आणि अल्पवयीन मुलाच्या हाती वाहन देणे (कलम १९९ अ) यांत मात्र अशी तडजोड होत नाही. दुसऱ्या गुन्ह्यात पालक किंवा मालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

चलान कोठे शोधायचे?

पोलिसांनी केलेले चलान ‘महाट्रॅफिक’ ॲपवर किंवा राज्य वाहतूक पोलिसांच्या ई-चलान संकेतस्थळावर दिसते. त्यासाठी वाहन क्रमांक आणि चासी किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे चार अंक लागतात. हे अंक आरसीवर असतात. आरटीओच्या पथकाने केलेले चलान केंद्राच्या ‘परिवहन’ ई-चलान संकेतस्थळावर तपासावे. एका ठिकाणी ‘थकबाकी नाही’ असे दिसले, तरी दुसरीकडे पाहणे आवश्यक आहे.

चलान वाशिममध्येच झालेले असेल असेही नाही. समृद्धी महामार्ग मालेगाव, मंगरुळपीर आणि कारंजा या तालुक्यांतून जातो. एमएच-३७ क्रमांकाची वाहने नागपूर, पुणे, मुंबईपर्यंत धावतात. दंड कोणत्याही जिल्ह्यात झाला, तरी तो वाहन क्रमांकावर नोंदला जातो आणि घरबसल्या भरता येतो.

संदेशच आला नाही, तर?

अनेक तक्रारींचे मूळ येथे आहे. आरसीला जोडलेला मोबाइल क्रमांक कधी विक्रेत्याचा, कधी एजंटाचा, तर कधी बंद पडलेला असतो. संदेश तिकडे जातो आणि दंड साचत राहतो. हा क्रमांक ‘परिवहन’ संकेतस्थळावर किंवा वाशिमच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयातून बदलून घेता येतो.

दुसरी अडचण जुन्या दुचाकींची आहे. कोऱ्या फॉर्मवर सही देऊन गाडी विकली, पण नाव बदलले नाही, तर नव्या मालकाचे चलान जुन्याच्या नावावर येते. कायद्याच्या कलम ५० नुसार राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांत, तर घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते.

लोकअदालतीत नेमके काय होते?

विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार लोकअदालती भरतात. राष्ट्रीय लोकअदालत वर्षातून काही वेळा ठरलेल्या तारखेला होते. जिल्ह्यात तिचे नियोजन जिल्हा विधी सेवा प्राधिकरण करते. न्यायालयात न पोहोचलेली चलानेही ‘दाखलपूर्व प्रकरणे’ म्हणून तेथे ठेवली जातात. म्हणून अशी नोटीस म्हणजे खटला सुरू झाला असे नव्हे.

दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, सवलत हा कायद्याने मिळालेला हक्क नाही. ‘निम्मा दंड माफ’ अशा फिरत्या संदेशांवर विसंबण्याऐवजी प्राधिकरणाच्या कार्यालयात विचारावे. दुसरी, लोकअदालतीचा निवाडा कलम २१ नुसार अंतिम असतो आणि त्यावर अपील करता येत नाही. चूक मान्य असेल, तर ही सोय चांगली आहे. चलानच चुकीचे वाटत असेल, तर तेथे तडजोड करू नये.

न्यायालयाचे समन्स आले, तर?

येथे दुर्लक्ष महागात पडू शकते. लोकअदालतीला गैरहजर राहिल्याने कोणी दोषी ठरत नाही, पण समन्सला उत्तर दिले नाही, तर वॉरंट निघू शकते. समन्सवर न्यायालयाचे नाव, प्रकरण क्रमांक आणि तारीख असते. ‘ई-कोर्ट्स’ सेवेवर त्याची खातरजमा करता येते. वाहतूक चलानांसाठी नागपूर जिल्ह्यातील काटोल येथून ३१ ऑक्टोबर २०२० रोजी आभासी न्यायालयही सुरू झाले. अशा न्यायालयात गुन्हा कबूल असल्यास दंड ऑनलाइन भरता येतो. आव्हान दिल्यास प्रकरण नियमित न्यायालयाकडे जाते.

चलान चुकीचे असेल, तर काय करावे?

आधी छायाचित्र पाहावे. क्रमांक, वाहनाचा प्रकार, ठिकाण आणि वेळ जुळते का, हे तपासावे. एखादा अंक चुकीचा वाचल्याने दुसऱ्याच्या गाडीचा दंड आपल्याकडे येऊ शकतो. ‘महाट्रॅफिक’वर तक्रार नोंदवण्याची सोय आहे. त्या दिवशी गाडी कोठे होती याचा पुरावा, म्हणजे टोलची नोंद, पेट्रोलची पावती किंवा गॅरेजचे बिल, सोबत जोडावा.

कॅमेऱ्याने टिपलेल्या गुन्ह्याची सूचना १५ दिवसांत पाठवावी, असे केंद्रीय मोटार वाहन नियमांतील २०२१ ची दुरुस्ती सांगते. वाहतूकदारांच्या आंदोलनानंतर जुलै २०२५ मध्ये पोलिसांनी खासगी मोबाइलवर छायाचित्रे काढू नयेत, असे परिपत्रकही निघाले. केवळ दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल घेण्यास सहा महिन्यांची मुदत आहे (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम ५१४). पण योग्य कारण असल्यास न्यायालय विलंब माफ करू शकते. त्यामुळे जुने चलान आपोआप रद्द झाले असे गृहीत धरू नये. हे मुद्दे न्यायालयात मांडावे लागतात.

फसवणूक कशी ओळखावी?

व्हॉट्सॲपवर ‘आरटीओ चलान’ नावाची एपीके फाइल आली, तर ती उघडू नये. चलान पाहण्यासाठी अशी फाइल लागत नाही. पैसे गेल्यास तातडीने १९३० वर कळवावे.

वकिलाचा खर्च परवडत नसेल, तर?

महिला, अनुसूचित जाती-जमातीतील व्यक्ती, दिव्यांग आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेल्यांना मोफत वकील मिळू शकतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करावा. पाचशेच्या दंडासाठी हजाराचा वकील कोण लावणार, म्हणून न केलेल्या चुकीचे पैसे भरणाऱ्यांसाठी ही सोय महत्त्वाची आहे.