पथ्य कोणाचें, कष्ट कोणाचे?

सांप्रत पुष्कळ घरांत स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक कागद चिकटविलेला आढळतो. सकाळीं काय खावें, दुपारीं किती भाकऱ्या घ्याव्या, रात्रीं काय वर्ज्य, हें सर्व त्यावर ओळीनें लिहिलेलें असतें. शिरोभागीं घरांतील कर्त्या पुरुषाचें नांव व त्याचें वजन असतें. परंतु त्या भिंतीसमोर रोज तासन् तास उभी राहणारी व्यक्ति निराळीच असते, आणि तिचें नांव कागदावर कोठेंहि नसतें. तिच्याविषयीं आम्हांस चार शब्द लिहावयाचे आहेत.

वजन उतरविण्याच्या प्रयत्नास आमचा विरोध आहे असें मात्र कोणीं समजूं नये. मेदवृद्धीच्या पाठोपाठ मधुमेह व रक्तदाब घरांत शिरतात, हें आतां शाळकरी मुलांसहि ठाऊक आहे. शिवाय हा उद्योग कालचा नव्हे. लंडन शहरीं विल्यम बँटिंग नांवाचा गृहस्थ अंत्यविधीचें साहित्य पुरविण्याचा व्यवसाय करीत असे. साठी उलटल्यावर तो इतका स्थूल झाला कीं बुटाची नाडी बांधण्यासाठीं त्यास वांकतां येईना आणि जिना उलट्या पावलीं उतरावा लागे. विल्यम हार्वे या डॉक्टरच्या सल्ल्यानें त्यानें पाव, लोणी, दूध, साखर, बीर व बटाटे हे पदार्थ शक्य तितके सोडले. १८६२ च्या ऑगस्टमध्यें २०२ पौंड असलेलें त्याचें वजन सुमारें वर्षभरांत ४६ पौंडांनीं उतरलें, आणि १८६३ सालीं त्यानें ही हकीकत पुस्तिकारूपानें छापून काढिली. ती इतकी गाजली कीं स्वीडिश भाषेंत पथ्यानें वजन उतरविण्यास त्याच्याच नांवावरून ‘बान्ता’ हें क्रियापद रूढ झालें, तें आजहि चालू आहे. बँटिंगच्या ताटांत काय असे हें जगानें पाठ केलें. तें ताट रोज कोण सिद्ध करीत असेल, असा प्रश्न आम्हांस मात्र पडतो.

घरीं ताज्या जिनसांपासून रांधलेलें अन्न या कामीं खरोखरच हितकर आहे. अमेरिकेंतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेंत केव्हिन हॉल या संशोधकानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं केलेला एक प्रयोग २०१९ सालीं प्रसिद्ध झाला. २० माणसांस ४ आठवडे संस्थेंतच ठेवून त्यांस २ आठवडे कारखान्यांत सिद्ध झालेले पदार्थ व २ आठवडे ताजें रांधलेलें अन्न दिलें. पुढें मांडलेल्या दोन्ही प्रकारच्या अन्नांत उष्मांक, साखर, स्निग्धांश, तंतु व मीठ यांचें मान जुळतें राखलें होतें, आणि हवें तितकें खाण्याची मोकळीक होती. कारखान्याच्या अन्नावर तींच माणसें रोज सुमारें ५०० उष्मांक अधिक खात, व त्यांचें वजन सरासरी ०.९ किलो वाढलें. ताज्या अन्नावर तें तितकेंच उतरलें. परंतु त्याच प्रयोगांत खर्चहि मोजला आहे. रोजच्या २,००० उष्मांकांच्या हिशोबानें आठवड्याचें कारखान्यांतील अन्न सुमारें १०६ डॉलरांस, तर ताजें साहित्य १५१ डॉलरांस पडलें. आणि तेथें भाज्या चिरावयास व तें शिजवावयास संस्थेचे पगारी लोक होते! आमच्या घरांतून हा दुसरा आंकडा कोणत्याच वहींत चढत नाहीं.

कागदावर ‘मोड आलेल्या मटकीची उसळ, एक वाटी’ असे सहा शब्द असतात. त्यांसाठीं आदल्या दिवशीं सकाळीं मटकी निवडून भिजत घालावी लागते, रात्रीं उपसून फडक्यांत बांधावी लागते, आणि थंडी असली तर मोड येण्यासाठीं आणखी वाट पाहावी लागते. ‘ज्वारीची भाकरी, दोन’ हे तर तीनच शब्द. पण पीठ गरम पाण्यांत भिजवून मळावें, एकेक भाकरी थापावी, तव्यावर टाकून वरून पाणी फिरवावें, मग आंचेवर फुगवावी. आणि हें ऐन जेवणाच्या वेळींच, कारण निवली कीं ती कडक होते. तेवढ्यांत मुलांस पोळी हवी असते, आजींस मऊ भात. एका शेगडीवर दोन-तीन संसार चालतात, म्हणावयाचे!

शिवाय घरचें अन्न घरचें म्हणून हलकें असतें, हाहि एक भ्रमच. एका मोठ्या चमच्यांत मावणाऱ्या तेलांत सुमारें १२० उष्मांक असतात. फोडणीस चमचा मोजून घेतला कीं भांड्यांतून धार धरली, यावर सगळें पथ्य अवलंबून. आणि तें जेवणारास दिसत नाहीं, रांधणारीस दिसतें. ज्यानें आपल्या हातानें कधीं फोडणी दिली नाहीं त्यास आपण काय खातों याची खरी कल्पना येणें कठीण.

आमच्या परिचयाच्या एका घरीं गृहस्थांनीं चार महिने असें पथ्य नेमानें पाळिलें. वजन सात किलो उतरलें, कार्यालयांत त्यांचें कौतुक झालें. पुढें गृहिणीबाई तापानें आठ दिवस अंथरुणास खिळल्या. तिसऱ्याच दिवसापासून भ्रमणध्वनीवरून बाहेरचें जेवण मागविणें सुरू झालें आणि पथ्य संपलें. निश्चय कोणाचा होता, हें त्या आठवड्यांत सर्वांस कळून चुकलें. बाईंनीं स्वतः त्या चार महिन्यांत काय खाल्लें असें आम्हीं विचारिलें, तेव्हां त्या हंसल्या व म्हणाल्या, “उरेल तें.”

सरकारनें २०१९ सालीं लोकांच्या वेळेची पाहणी केली होती. घरच्यांसाठीं विनावेतन घरकाम करणाऱ्या स्त्रिया शेंकडा ८१.२ व पुरुष २६.१ भरले, आणि जे करतात त्यांतहि स्त्रियांचीं रोजचीं मिनिटें २९९, पुरुषांचीं ९७.

मार्थेची गोष्ट आम्हीं शास्त्राच्या तासास अनेकदां ऐकिली आहे, व कामाच्या ओझ्यानें ती त्रासली म्हणून तिलाच थोडा दोष देण्याची आम्हांस संवय आहे. योहानाच्या शुभवर्तमानाचा २१ वा अध्याय मात्र या दृष्टीनें कोणी वाचीत नाहीं. रात्रभर जाळीं टाकून थकलेले शिष्य कांठास येतात, तों कोळशांच्या विस्तवावर मासळी व जवळ भाकर असते, आणि प्रभु त्यांस न्याहारीस बोलावितात. गुरूनें शिष्यांसाठीं विस्तव पेटवावा यांत जर कमीपणा नाहीं, तर बापानें आपल्याच पथ्याची भाकरी थापावी यांत कोठून आला?

आमच्या वर्गबंधूंस येथें एक विचारावेंसें वाटतें. बालवीरांच्या शिबिरांत तीन दगडांच्या चुलीवर खिचडी शिजवून फुशारकी मारणारे हात घरीं येतांच लुळे कां पडतात? वाढत्या वयांत डॉक्टरांस न विचारतां वजन उतरविण्याच्या भानगडींत कोणीं पडूं नये, तो कागद आपला नव्हे. मटकी निवडणें, कोशिंबिरीची काकडी चोचविणें, भांडीं विसळणें, हें मात्र आपलें आहे. ज्या शाळांतून पाककला केवळ मुलींस शिकवितात तेथें ती मुलांसहि शिकवावी, असें आमचें स्पष्ट मत आहे, आणि डॉक्टरांनींहि कागद लिहून देतांना, “हें रांधणार कोण?” एवढें विचारून त्या व्यक्तीस समोर बसवावें.

वर सांगितलेल्या घरीं कागद पुन्हां लागला आहे. यंदा त्यावर दोन नांवें आहेत. गृहस्थांची भाकरी अद्याप कडेला चिरते, व एका बाजूस जाड राहते. बाई ती मोडून आधीं आपल्या ताटांत घेतात.