तीन भाषांच्या डोक्यात चौथी

पहिल्या इयत्तेच्या प्रवेशाचे दिवस आले की मुलांच्या आधी मराठी शिक्षकांची परीक्षा होते. मुलाने कोणती भाषा घ्यायची, हे आईबापांना त्या वेळी ठरवावे लागते. मराठी घ्यावी, दुसरी एखादी पौर्वात्य भाषा घ्यावी, की २०१२ सालापासून शाळेत विषय म्हणून आलेली क्रिओल घ्यावी? गेल्या खेपेस एक आई आमच्यापुढे फॉर्म घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, "गुरुजी, घरी क्रिओल, शाळेत इंग्रजी नि फ्रेंच. पोराचं डोकं ते केवढं! त्यात आणखी मराठी कुठं ठेवू?"

आम्ही नेहमीचे उत्तर दिले. आपली संस्कृती, आपले पूर्वज, आपले कर्तव्य. बाईंनी सारे शांतपणे ऐकून घेतले, परंतु त्यांच्या प्रश्नाचे ते उत्तर नव्हते. त्यांनी डोक्याविषयी विचारले होते आणि आम्ही कर्तव्याविषयी बोलत होतो. त्या रात्री आम्ही शिक्षक प्रशिक्षणाच्या जुन्या वह्या काढल्या आणि पुढे आणखीही काही वाचले. ते वाचकांपुढे ठेवावे असे वाटते.

एका डोक्यात दोन भाषा मावतात की नाही, या प्रश्नावर अमेरिकेत जवळजवळ शंभर वर्षे वाद चालला. कारण उघड आहे. नाना देशांचे लोक आपापली भाषा घेऊन तेथे उतरले. न्यूयॉर्कजवळचे एलिस बेट म्हणजे त्यांचा आप्रवासी घाटच म्हणा ना. फरक एवढाच, की आपले लोक गिरमिटावर आले. १९१३ साली हेन्री गॉडर्ड नावाच्या मानसशास्त्रज्ञाने त्या बेटावर उतरलेल्या ज्यू, हंगेरियन, इटालियन आणि रशियन प्रवाशांपैकी काहींची बुद्धिचाचणी करविली. लांबच्या समुद्रप्रवासाने थकलेली ती गरीब माणसे, भाषा परकी, मध्ये दुभाषी. निष्कर्ष काय निघाला? प्रत्येक गटातील पाचांपैकी सुमारे चार जण मतिमंद! आपल्या आजा-पणजांना घाटाच्या पायऱ्या चढल्याबरोबर कोणी इंग्रजी पद्धतीची परीक्षा द्यायला बसविले असते, तर त्यांच्या नावापुढे काय लिहिले गेले असते याची कल्पना करावी.

पुढे १९२३ साली प्रिन्स्टन विद्यापीठाचे कार्ल ब्रिगॅम यांनी पहिल्या महायुद्धातील सैनिकांच्या चाचण्यांवर पुस्तक लिहिले. त्यात एक गमतीची गोष्ट दिसते. अमेरिकेत येऊन वीस वर्षे झालेल्या परदेशी सैनिकांचे गुण तेथेच जन्मलेल्यांच्या बरोबरीचे, आणि नुकत्याच आलेल्यांचे कमी. आमच्या पाचवीतला मुलगाही सांगेल, की वीस वर्षांत माणूस भाषा शिकतो. ब्रिगॅमसाहेबांनी मात्र असे ठरविले, की पूर्वी हुशार वंशाचे लोक येत होते आणि आता कमी प्रतीचे येत आहेत. १९३० साली त्यांनी आपली चूक जाहीरपणे कबूल केली, हे त्यांच्या मोठेपणाचे. पण तोवर १९२४ चा कायदा होऊन अशा लोकांसाठी दरवाजे बरेचसे बंद झाले होते.

त्याच काळातील एका शिक्षकाची हकीकत आम्हांला फार लागली. नेब्रास्का राज्याने १९१९ साली कायदा केला, की आठवी पार होईपर्यंत मुलाला इंग्रजीखेरीज दुसरी भाषा शिकवायची नाही. रॉबर्ट मेयर हे एका लहानशा चर्चच्या शाळेत शिक्षक होते. १९२० च्या मे महिन्यात ते दहा वर्षांच्या एका मुलाला जर्मनमधून बायबलची गोष्ट वाचायला शिकवीत असताना सापडले. पंचवीस डॉलर दंड झाला. ते प्रकरण देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९२३ साली कायदाच रद्द ठरला. आपल्या बैठकांत रात्री कंदिलाच्या उजेडात मुळाक्षरे गिरवून घेणारे जुने गुरुजी आम्हांला ही हकीकत वाचताना आठवले.

मुलांवरचा शिक्का मात्र कोर्टाच्या एका निकालाने पुसला गेला नाही. मेक्सिकन वंशाच्या, घरी स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांना इंग्रजीतून चाचणी देऊन मंदबुद्धी मुलांच्या वर्गात बसविण्याचा प्रकार कॅलिफोर्नियात पुढे कितीतरी वर्षे चालू होता. १९७० साली अशा नऊ मुलांच्या वतीने दावा दाखल झाला. त्यांची चाचणी स्पॅनिश जाणणाऱ्या मानसशास्त्रज्ञाने पुन्हा घेतली, तेव्हा बहुतेक मुले त्या वर्गात बसविण्यासारखी नव्हतीच असे दिसले.

प्रश्नाचा रोख बदलला तो शेजारच्या कॅनडात. मॉन्ट्रियलमध्ये एलिझाबेथ पील आणि वॉलेस लँबर्ट या दोघांनी १९६२ साली दहा वर्षांच्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पूर्वीच्या संशोधकांनी गरीब घरातील दुभाषी मुले आणि सुखवस्तू घरातील एकभाषी मुले एका तराजूत घातली होती. या दोघांनी सारख्या परिस्थितीतील मुले निवडली. फ्रेंच आणि इंग्रजी दोन्ही नीट येणारी मुले मागे तर नव्हतीच, उलट काही चाचण्यांत पुढे होती. दोन्ही भाषांत तरबेज अशीच मुले निवडल्यामुळे निकाल जरा झुकला असेल, अशी टीका पुढे झाली आणि ती रास्त आहे. तरीही दुसऱ्या भाषेने डोके बिघडते, ही समजूत त्यानंतर टिकली नाही.

१९६३ साली मायामीच्या कोरल वे शाळेत क्यूबाहून आलेली मुले आणि इंग्रजी बोलणारी मुले एकत्र बसू लागली. दिवसाचा एक भाग इंग्रजीत, दुसरा स्पॅनिशमध्ये. १९६८ साली राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी द्विभाषी शिक्षणाच्या कायद्यावर सही केली. हेच जॉन्सन तरुणपणी टेक्सासमधील कोटुला गावी मेक्सिकन मुलांचे मास्तर होते आणि शाळेत इंग्रजीच बोलली पाहिजे असा त्यांचा आग्रह असे! त्यानंतरही तेथील गाडी सरळ चालली नाही. कॅलिफोर्नियाने १९९८ साली मतदानाने द्विभाषी वर्ग जवळजवळ बंद केले आणि २०१६ साली मतदानानेच तो निर्बंध उठविला.

लँबर्ट यांनी पुढे एक भेद दाखविला. एक भाषा कायम ठेवून तिच्यावर दुसरी चढते, तेव्हा मुलाची कमाई होते. दुसरी भाषा पहिलीला खाऊन टाकते, तेव्हा मूल तोट्यात जाते. आणि पहिली भाषा खाल्ली जाते ती लोकांच्या नजरेमुळे. घरची बोली हलकी आहे, हे मुलाला कोणी तोंडाने सांगावे लागत नाही.

या नजरेचा एक प्रयोग १९७१ च्या सुमारास टेक्सासमध्ये झाला. तो आम्ही दोनदा वाचला. फ्रेडरिक विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिक्षक होऊ घातलेल्या गोऱ्या विद्यार्थ्यांना बोलणाऱ्या मुलांची चित्रफीत दाखविली. मूल कधी गोरे, कधी काळे, कधी मेक्सिकन; पण चित्रावर चढविलेला आवाज एकच, शुद्ध इंग्रजीचा. तरीदेखील काळ्या व मेक्सिकन मुलांचे बोलणे त्यांना कमी शुद्ध वाटले. म्हणजे भावी शिक्षकांनी कानाऐवजी डोळ्यांनी ऐकले.

हे वाचून आम्हांला आमचा वर्ग आठवला. काही वर्षांपूर्वी गणेश चतुर्थीच्या आधी आम्ही मुलांना विचारले, गणपतीला हत्तीचे तोंड कसे आले? एका मुलाने हात वर केला आणि गोष्ट सांगू लागला. आईने मळाचा मुलगा केला, दारावर बसविला, बाप आला, तलवार चालली; सारे हातवारे करून, अगदी रंगून. पण क्रिओलमध्ये. आम्ही त्याला मध्येच थांबवले आणि म्हटले, "मराठीत सांग, नाही तर बस खाली." तो बसला. वर्षभर त्याने पुन्हा हात वर केला नाही, आणि आम्ही मनात त्याची नोंद 'मराठीत कच्चा' अशी केली. ती गोष्ट त्याला त्याच्या आजीने सांगितली होती. म्हणजे त्याच्या घरात जे मराठी उरले होते ते क्रिओलच्या कपड्यात वर्गात आले, आणि आम्ही त्याला दारातूनच परत पाठविले.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. आपल्या सभांतून मातृभाषेच्या शिक्षणाचे जगभरचे दाखले दिले जातात आणि मातृभाषा म्हणजे मराठी असे गृहीत धरले जाते. अमेरिकेतील स्पॅनिश मुलाची जी घरची भाषा, तिच्या जागी आपल्याकडे आज बहुतेक घरांत क्रिओल आहे. मराठी ही आपल्या मुलांची आजा-पणजांची भाषा आहे. त्यांना ती शिकूनच घ्यावी लागते. अमेरिकेतील मराठी मंडळी शनिवार-रविवारी मराठी शाळा चालवतात, बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून तेथे काम करते. त्यांच्या घरी आईबाप मराठीत विचारतात आणि पुष्कळदा मूल इंग्रजीत उत्तर देते. आपल्या घरांतून तो काळ केव्हाच होऊन गेला. तेव्हा त्यांचे दाखले आपल्याला जसेच्या तसे लागू पडत नाहीत. जे संशोधन मराठीच्या बाजूने आपण वापरतो, तेच आपल्याला क्रिओलचा पाणउतारा करू नका असे सांगते.

दुसरे असे, की मराठीने मूल हुशार होते अशी जाहिरात आपण करू नये. दुभाषी मुलांचे लक्ष अधिक एकाग्र असते असे टोरांटोच्या एलेन बियालिस्टॉक यांनी पुष्कळ प्रयोगांतून मांडले, तर सॅन फ्रान्सिस्कोच्या केनेथ पॅप यांना २०१३ साली तसा फायदा आढळला नाही. वाद चालू आहे. मराठी म्हणजे काही बदामाचा शिरा नव्हे, की खाल्ला आणि बुद्धी वाढली.

मग मराठी कशासाठी? लँबर्ट आणि रॉबर्ट गार्डनर यांनी १९७२ च्या पुस्तकात लुइझियाना, मेन, कनेक्टिकट येथील मुलांचा अभ्यास मांडला आहे. भाषेची ओढ दोन प्रकारची असते. एक कामापुरती, म्हणजे नोकरी आणि गुण. दुसरी त्या भाषेच्या माणसांत मिसळण्याची. कामाची ओढ कमी प्रतीची असे नाही. फिलिपाइन्समध्ये इंग्रजीसाठी तीच बलवान ठरली. पण मराठीने मॉरिशसमध्ये कोणती नोकरी मिळणार? आम्ही शिक्षक सोडले तर फारशी नाही. सी.पी.ई.च्या क्रमवारीत पौर्वात्य भाषेचे गुण धरावेत की नाहीत, हा वाद १९९८ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. गुणांसाठी आपण एवढे भांडलो. ती परीक्षा आता राहिली नाही. त्या गुणांसाठी मराठी शिकलेल्यांपैकी किती जण आज मराठीतून चार वाक्ये बोलतात, ते वाचकांनी आपल्याच घरात मोजावे.

तेव्हा उरते ती माणसांची ओढ. गणपतीच्या आरतीत उभे राहावे, झाकडीच्या गाण्यातला शब्द कळावा, आजीने पुटपुटलेले ऐकू यावे. आमच्या मते पहिल्या दोन वर्षांत मराठीच्या तासाला लेखी परीक्षेचे ओझे अगदी कमी ठेवावे. मुलाने क्रिओलमध्ये सांगितलेली गोष्ट पूर्ण ऐकावी, मग तीच मराठीत मिळून सांगावी. ज्यांच्या घरी आजी-आजोबा आहेत त्यांना तासाला बोलवावे. काही शिक्षकबंधूंना हे पटणार नाही. वर्गात क्रिओल शिरली की मराठी संपली, असे ते म्हणतील. वर्गात क्रिओलला बंदी असताना घराघरांतून मराठी गेलीच, याचेही उत्तर त्यांनी द्यावे.

त्या बाईंना आम्ही पुन्हा भेटलो. म्हटले, "ताई, डोक्यात जागा आहे, त्याची काळजी नको. घरी क्रिओल बोला, मोकळेपणाने बोला. मराठी आम्ही शिकवू, पण आठवड्यातून एकदा त्याला सासूबाईंजवळ बसवा." त्या हसल्या. म्हणाल्या, "सासूबाईंना आवडेल. पण पोराचे पप्पा म्हणतात, क्रिओल घेऊ, सोपं पडेल." फॉर्म त्यांनी अजून दिलेला नाही.