डायसी : फाशातून निघालेला शब्द

गेल्या नवरात्रात, मूळ नक्षत्राच्या दिवशी, वहिनींच्या नातवाच्या अक्षराभ्यासासाठी आम्ही बासरला गेलो होतो. (पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात असलेले हे क्षेत्र 2016 पासून निर्मल जिल्ह्यात मोडते.) ज्ञानसरस्वतीच्या दर्शनापूर्वी वहिनींना गोदावरीचे स्नान करावयाचे होते. पावसाळा नुकताच सरलेला. नदी भरलेली, घाटाच्या पायऱ्या शेवाळलेल्या. आमचे चिरंजीव म्हणाले, "काकू, जरा डायसी वाटतंय."

"म्हणजे काय रे?"

"म्हणजे थोडं रिस्की."

'थोडं' एवढेच वहिनींनी ऐकले आणि त्या उतरल्या. तिसऱ्या पायरीवर पाय सरकला. चिरंजीवांनी वेळीच दंड धरला म्हणून निभावले. हातातली एक पाटली मात्र गोदामाईने ठेवून घेतली. परतीच्या गाडीत तो मला हळूच म्हणाला, "मला 'उतरू नका' असंच म्हणायचं होतं. पण काकूंना तसं कसं सांगू?"

वाचकहो, या शब्दाचा स्वभावच असा आहे. इंग्रजीत फाशाला 'डाय' आणि फाशांना 'डाइस' म्हणतात; त्यावरून 'डायसी', म्हणजे फाशाच्या दानावर सोडलेले. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास ब्रिटिश वैमानिकांच्या बोलीतून तो पुढे आला, असे मानतात. ज्या उड्डाणातून परत येण्याची शाश्वती नसे, त्याला ही मंडळी 'जरा डायसी' म्हणत. भय लपविण्यासाठी बोललेला हा हलका शब्द. म्हणूनच ऐकणाराही तो हलकाच घेतो. मित्रांच्या गप्पांत तो शोभतो, अर्जात किंवा कचेरीच्या पत्रात नाही.

'डाय' या शब्दाचे मूळ कोशकार जुन्या फ्रेंचमधून लॅटिन 'दातुम्' येथे नेतात. त्याचा अर्थ 'दिलेले'. आपणही सोंगट्या खेळताना 'दान पडले' असेच म्हणतो! संस्कृतात फाशाला 'अक्ष' म्हणतात, आणि ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात जुगाऱ्याच्या दुर्दशेचे एक अख्खे सूक्तच आहे. बासरला गिरवायच्या 'अक्षरा'शी मात्र या अक्षाचा संबंध नाही. अक्षर म्हणजे जे झिजत नाही ते.

मग मराठीत 'डायसी'ला काय म्हणावे? 'धोकादायक' हा शब्द सहज सुचतो. पण तो फार ठाम आहे. विजेची उघडी तार धोकादायक असते, डायसी नव्हे. शिवाय आपल्या हैदराबादकडच्या घरांत आणखी एक अडचण आहे. शेजारच्या दख्खनी उर्दूत 'धोका' म्हणजे फसवणूक, पन्नास वर्षे तीच ऐकलेल्या वहिनींनी विचारले असते, "कोणी दिला?" 'जोखमीचे' हा शब्द अधिक जवळचा. परंतु जुन्या पिढीत अंगावरच्या दागिन्यांना, जवळच्या रोकडीलाही 'जोखीम' म्हणत. तो शब्द कानी पडता तर वहिनींनी आधी पाटल्या चाचपल्या असत्या. (तसे झाले असते तर बरेच होते म्हणा!)

मला विचाराल तर नेमका शब्द 'बेभरवशाचे' हा आहे. पाऊस बेभरवशाचा, उसनवारी बेभरवशाची, पायरीही बेभरवशाची. वाईट होईलच असे नाही, पण होणार नाही याची हमी कोणी देत नाही, हा अर्थ त्यात पुरता उतरतो. "काकू, या पायऱ्यांचा भरवसा नाही," एवढे म्हटले असते तर वडीलधाऱ्यांचा मानही राहिला असता आणि वहिनी वरच्या पायरीवर बसून तांब्याने पाणी अंगावर घेत्या.

वहिनींनी मात्र तो इंग्रजी शब्दच उचलला आहे. परवा बरणी उघडून मला म्हणाल्या, "भावजी, यंदाचं लोणचं जरा डायसी आहे हो. मीठ कमी पडलंय." प्रयोग अगदी बिनचूक आहे. मी ते लोणचे अजून वाढून घेतलेले नाही.