मानेतला स्क्रू : रोबोटआधी हाडाची ओळख

मानेच्या सर्वांत वरच्या दोन मणक्यांत स्क्रू बसवायचे ठरले, की दोंडाईचा-शिंदखेड्याकडच्या कुटुंबासमोर हल्ली पहिला प्रश्न यंत्राचा येतो. मोठ्या शहरांतील खासगी रुग्णालयांत संगणकीय नेव्हिगेशन आणि रोबोट आले आहेत. ते नसतील तर जिवाला धोका, असा समज झाला, की शेत गहाण टाकण्याचीही तयारी होते.

पहिला मणका, अ‍ॅटलस, कड्यासारखा असतो. दुसऱ्या, अ‍ॅक्सिसच्या, दातासारख्या सुळक्याभोवती तो फिरतो. मान वळवण्याची जवळजवळ निम्मी हालचाल इथेच होते. अपघात, जन्मजात दोष, संधिवात किंवा क्षयरोगाने हा सांधा सैल झाला, तर मज्जारज्जू दाबला जातो. मग दोन्ही मणके स्क्रूने जोडावे लागतात.

अडचण आहे ती जागेची. आतल्या बाजूला मज्जारज्जू, बाहेरच्या बाजूला मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी आणि स्क्रू साधारण साडेतीन मिलिमीटर जाडीचा. पहिल्या मणक्यात तो मागच्या कमानीच्या खाली, बाजूच्या जाड हाडाच्या मध्यावर शिरतो. कमानीच्या वरच्या कडेवर रक्तवाहिनीची खाच असल्याने तिथे बाहेरच्या बाजूला फार खरवडायचे नसते. दुसऱ्या मणक्यात पेडिकलची आतली कड हत्याराने चाचपून स्क्रू थोडा आत आणि वर झुकवतात.

ही पद्धत मुंबई महापालिकेच्या केईएम रुग्णालयातली आहे. डॉ. अतुल गोयल यांनी ती डॉ. लाहेरी यांच्यासह १९९४ मध्ये प्रसिद्ध केली. २००१ मध्ये जर्मनीच्या डॉ. हार्म्स यांनी पट्टीऐवजी सळई वापरली. २००२ मध्ये गोयल यांनी १६० रुग्णांचा अनुभव मांडला. त्या कामाचा आधार हाडाच्या खुणा हाच होता.

नेव्हिगेशन निरुपयोगी नाही. रचना वेगळी असेल तेव्हा मोठी मदत होते. मात्र यंत्र आधी काढलेल्या सीटीवर चालत असेल आणि सैल सांधा टेबलावर सरकला, तर पडद्यावरचे चित्र आणि प्रत्यक्ष हाड जुळत नाही. शेवटी खूणच पाहावी लागते.

काहींच्या दुसऱ्या मणक्यात रक्तवाहिनी इतकी वर चढलेली असते, की पेडिकलमध्ये स्क्रूला जागाच उरत नाही. तिथे बेत बदलावा लागतो, आणि हे शस्त्रक्रियेआधीच कळायला हवे. म्हणून रोबोट आहे का, यापेक्षा पातळ छेदांचा सीटी काढला का, रक्तवाहिनी कुठून जाते ते पाहिले का आणि हीच शस्त्रक्रिया डॉक्टरांनी किती वेळा केली, हे विचारावे.

खरे नुकसान बहुधा त्याआधीच होते. बटणे लावताना बोटे अडखळतात, चालताना तोल जातो, हातापायांना मुंग्या येतात. घरचे त्याला वात समजून मानेला मालिश करवतात, कोणी झटका देऊन मान मोडून घेतो. सैल सांध्याला असा झटका जिवावर बेतू शकतो. अशा रुग्णाला मान स्थिर ठेवून धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात दाखवावे. पुढच्या उपचाराचा खर्च महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतो का, हे आरोग्यमित्राला विचारता येते.