तपासणीचीही तपासणी हवी

प्रयोगशाळेचा छापील कागद हाती पडला की आपण त्यापुढे मान तुकवतो. पण त्या प्रयोगशाळेला कोण तपासतो? श्रमिकांच्या आरोग्याशी बांधिलकी मानणाऱ्या कार्यकर्त्याने हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

क्षयरोगाचेच पाहा. रक्तातील प्रतिपिंडांवरून क्षयाचे निदान करणाऱ्या चाचण्या आपल्याकडे वर्षानुवर्षे खाजगी बाजारात विकल्या गेल्या. त्या वापरू नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये बजावले. भारत सरकारने २०१२ मध्ये बंदी घातली. तोवर गरिबाने पदरमोड करून विकत घेतले ते अविश्वसनीय उत्तर.

याउलट, सरकारी क्षयरोग कार्यक्रमाने एक साधी शिस्त स्वीकारली. थुंकीच्या तपासून झालेल्या काचपट्ट्यांतून काही यदृच्छेने निवडायच्या आणि पहिला निष्कर्ष ठाऊक नसलेल्या तंत्रज्ञाकडून पुन्हा वाचून घ्यायच्या. किती पट्ट्या घ्याव्यात, किती चुकांनंतर सावध व्हावे, हे संख्याशास्त्र ठरवते. हेतू शिक्षेचा नसतो. दोष सूक्ष्मदर्शकात आहे, रंगद्रव्यात आहे की कामाच्या बोजात, हे शोधण्याचा असतो.

ही दृष्टी मूळची कारखान्यातली. वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ मध्ये नियंत्रण-आलेख मांडला. १९४७-४८ मध्ये महालनोबिसांच्या निमंत्रणावरून ते भारतातही येऊन गेले. यंत्राच्या सुट्या भागासाठी जी दक्षता, ती माणसाच्या रक्तासाठी नको काय?

सरसकट चाळणी करताना तर अधिकच सावध राहिले पाहिजे. समजा, हजार कामगारांत दहाच रोगी आहेत आणि चाचणी रोगी व निरोगी या दोघांनाही शंभरांत पंच्याण्णव वेळा अचूक ओळखते. तरीही सुमारे साठ जण रोगी ठरतील आणि त्यांपैकी जवळजवळ पन्नास निरोगी असतील! फेरतपासणीशिवाय अशा कागदावर कोणाची भाकरी हिरावणे हा अन्याय होय.

गुणवत्ता-नियंत्रण खर्चिक आहे, असे म्हटले जाते. परंतु ते टाळल्याने खर्च वाचत नाही; तो चुकीच्या औषधांच्या, बुडालेल्या रोजगाराच्या आणि लांबलेल्या आजाराच्या रूपाने रुग्णाच्या माथी येतो. म्हणून आपली मागणी स्पष्ट असावी : सरकारी असो वा खाजगी, प्रत्येक प्रयोगशाळेला असे नियंत्रण सक्तीचे करा आणि त्याचे निष्कर्ष भिंतीवर लावा. विज्ञानाचा अधिकार मान्य करायचा, तर त्याचा हिशेब मागण्याचा लोकांचा अधिकारही मान्य करावा लागेल.