मलई तुमची, ताक आमचं?

परवा तासभर लाइट गेली, तर ऑफिसातला मित्र म्हणाला, "विकून टाका ना राव महावितरण!" ठीक. पण घेणारा काय काय घेईल?

२००७ मध्ये भिवंडी फ्रँचायझीला दिली, ती टिकली. २०११ मध्ये तेव्हाचं औरंगाबाद, जळगाव, नागपूर दिलं. २०१४, २०१५, २०१९ मध्ये एकेक करून परत महावितरणच्या गळ्यात! आणि शहरंच बरं का. शेतीपंपांचे फीडर मागायला रांग लागत नाही.

शेतकऱ्याच्या स्वस्त विजेचा भार बराचसा कारखाने-दुकानांच्या चढ्या दरावर असतो. तेच ग्राहक गेले तर तो कोण उचलणार? स्पर्धा जरूर आणा, पण खेड्यासकट. नुसती मलई उचलायची, याला सुधारणा म्हणत नाहीत.